प्रेमात पडलोय की प्रेम आहे, हे ओळखायचं कसं

हा प्रश्न माणसाला साधारण दोनदा पडतो. एकदा अगदी सुरुवातीला, रात्री दोन वाजता तिचं लास्ट सीन बघत पडलेला असतो आणि रूममेट म्हणतो अरे हे नुसतं अ‍ॅट्रॅक्शन आहे, प्रेम बिम काही नाही, झोप आता. आणि दुसऱ्यांदा तीनचार वर्षांनी, लग्न झालेलं असतं किंवा ठरत आलेलं असतं, समोरचा माणूस चांगला असतो, मोठी भांडणं नसतात, त्याला उशीर झाला तर जीव वरखाली होतो, आणि तरी मनात येतं की पहिल्यासारखं आता काही होत नाही, मग माझं प्रेम संपलं का काय? गंमत म्हणजे दोन्ही वेळेला लोक एकच गोष्ट मोजतात, छातीतली धडधड. पहिल्यांदा म्हणतात एवढी धडधड होतेय म्हणजे प्रेमच, दुसऱ्यांदा म्हणतात धडधड गेली म्हणजे प्रेमही गेलं.

माझं मत सरळ आहे. प्रेमात असणं ही तुमच्या शरीराची आणि डोक्याची अवस्था आहे आणि त्या अवस्थेतून जी माहिती मिळते ती तुमच्याबद्दल असते. प्रेम असणं म्हणजे तुमचं लक्ष त्या माणसावर असणं, त्याच्या आयुष्यात काय चाललंय ते तुम्हाला खरंच माहीत असणं आणि त्यामुळे तुमच्या वागण्यात काहीतरी बदलणं. दोन्ही एकदम असू शकतं (असलं तर मजा करा, पुढचं वाचू पण नका), पण एक असून दुसरं नाही असंही भरपूर वेळा होतं, आणि नेमकं काय आहे हे तपासता येतं. कसं, ते सांगते.

आधी ही अवस्था काय असते ते बघू

१९९९ साली इटलीतल्या पिसा विद्यापीठात डोनातेला माराझ्झिती आणि त्यांच्या टीमने २० अशी माणसं शोधली जी गेल्या सहा महिन्यांत प्रेमात पडलेली होती आणि दिवसातले कमीत कमी चार तास त्या एका माणसाचाच विचार करत होती. त्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स तपासल्या, आणि सोबत ओसीडी असलेल्या लोकांच्या पण तपासल्या, म्हणजे तोच विचार डोक्यात पुन्हा पुन्हा येतो आणि कुलूप लावलं का, गॅस बंद केला का हे पंधरा वेळा बघावं लागतं तो आजार. तर सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन वाहून नेणारं जे प्रोटीन असतं ते दोन्ही गटांत सारखंच कमी निघालं, साध्या लोकांपेक्षा कमी. आणि वर्ष-दीड वर्षाने प्रेमात पडलेल्यांपैकी काहींना परत तपासलं तर आकडा नॉर्मलला आलेला. अभ्यास छोटा आहे, त्यावरून जगाचा नियम काढू नका, पण ज्याने कुणी हे अनुभवलंय त्याला ते चार तास ओळखीचे वाटतील.

मग २००५ मध्ये अमेरिकेत आर्थर अ‍ॅरन, हेलन फिशर आणि लूसी ब्राउन यांनी १७ प्रेमवीरांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून त्यांच्या माणसाचा फोटो दाखवला. मेंदूत खोलवर डोपामिन तयार करणारा जो भाग आहे तो पेटला. हा भाग बक्षिसाचा, हाव सुटण्याचा आहे, मिळालंच पाहिजे असं वाटायला लावणारा. म्हणजे शरीराच्या भाषेत सुरुवातीचं प्रेम नुसत्या भावनेपेक्षा तहानेच्या जास्त जवळचं आहे.

त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, डोरोथी टेनॉव्ह नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या पुस्तकात या अवस्थेला लिमरन्स असं म्हटलं होतं, शब्द त्यांचाच. शेकडो लोकांशी बोलून त्यांनी अंदाज बांधला की हे साधारण दीड ते तीन वर्षं टिकतं. आणि त्यांचा दुसरा मुद्दा मला सगळ्यात कामाचा वाटतो: या अवस्थेला खाद्य लागतं ते अनिश्चिततेचं. समोरच्याने स्पष्ट नाही म्हटलं की ती हळूहळू मरते, स्पष्ट हो म्हटलं की शांत होते, पण आज दोन तास बोलला आणि उद्या ब्ल्यू टिक करून गायब झाला असं चालू राहिलं की ती वाढतच जाते.

जागा बदलून बघा

पुण्यात ढोलताशा पथकात वाजवलेल्या कुणालाही विचारा. गणपतीच्या आधी दोनेक महिने रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव, खांद्याला ढोल, अंग घामाने चिंब, सगळ्यांचा ठेका एक झाला की अंगावर काटा येतो, आणि त्यात शेजारी ताशावर जी मुलगी असते ती जगातली सगळ्यात भारी मुलगी वाटायला लागते. विसर्जन मिरवणुकीपर्यंत प्रकरण शिगेला. नवरात्र येईपर्यंत दोघं एका कॅफेत समोरासमोर बसलेले असतात आणि बोलायला काही नसतं. अभ्यासिकांमधली प्रेमं बघा, प्रिलिमचा निकाल लागेपर्यंत एकमेकांशिवाय पान हलत नाही. ट्रेकवरची तर बघायलाच नको, हरिश्चंद्रगडावर पावसात हात दिला घेतला की संपलं.

यात कुणी खोटारडं नसतं बरं का. १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन (परत तेच) यांनी कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. उंच हलणाऱ्या पुलावर एका तरुण मुलीने पुरुषांना थांबवून काही प्रश्न विचारले आणि फोन नंबर दिला, मग तसंच त्याच नदीवरच्या दुसऱ्या भक्कम, कमी उंचीच्या पुलावरही केलं. झुलत्या पुलावरच्यांपैकी खूप जास्त जणांनी नंतर तिला फोन केला. छाती धडधडत होती पुलामुळे आणि डोक्याने त्याचा हिशोब मुलीच्या खात्यावर टाकला.

म्हणून पहिली तपासणी ही. ज्या ठिकाणी सगळं सुरू झालं ते ठिकाण, ती गर्दी, तो ताण बाजूला काढा आणि त्या माणसासोबत एखादं कंटाळवाणं काम करून बघा. आरटीओत लायसन्सचं काम असेल तर सोबत जा, तिच्या बाबांचं पेन्शनचं काहीतरी बँकेत अडकलंय तर दोघं जा आणि टोकन घेऊन दोन तास बसा. मोबाईल खिशात. त्या दोन तासांत तुम्ही बोअर झालात तर काही बिघडत नाही, सगळेच होतात, पण सोबत बोअर व्हायला चालतंय का एवढं बघा.

कागद घ्या, दहा वाक्यं लिहा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आहे आणि लोक हिला सगळ्यात जास्त टाळतात. त्या माणसाबद्दल दहा वाक्यं लिहायची, अट एकच, वाक्यात "मला", "माझं", "माझ्यासाठी" यातलं काही यायचं नाही. आणि सुंदर, समजूतदार, केअरिंग असली विशेषणंही चालणार नाहीत, ती कुणालाही लागू पडतात.

सुरुवातीच्या काळात असलेल्या माणसाला तीन-चार वाक्यांच्या पुढे जाता येत नाही. तो लिहितो की ती हसली की मला सगळं विसरायला होतं, कट करा. तिच्यासोबत मी वेगळाच असतो, कट करा. ती माझं सगळं ऐकून घेते, हे पण कट, कारण यातून ती ऐकते एवढंच कळलं आणि ते पण तुमच्याच सोयीचं. मग उरतं काय, तर तिला पावभाजी आवडते आणि मांजरं आवडतात.

आता दुसऱ्या बाजूची वाक्यं कशी असतात बघा. त्याच्या डोक्यावर आईच्या ऑपरेशनचं कर्ज आहे आणि ते फिटेपर्यंत तो नोकरी सोडायचं नाव काढणार नाही. ती चिडली की बोलत नाही, ओटा घासायला घेते. गर्दीत तिचा जीव घाबरतो म्हणून ती फास्ट लोकल सोडून स्लोने जाते आणि ऑफिसात कारण दुसरंच सांगते. भावाने केलेली मदत त्याच्या मनाला लागते, त्याने ते पैसे व्याजासकट परत केले. अशी दहा निघाली तर तुमचं त्या माणसाकडे लक्ष आहे, आणि लक्ष असल्याशिवाय प्रेम कशावर करणार.

इथे थांबू नका, कारण नुसती माहिती तर शेजारच्या काकूंकडे पण असते, कधीकधी तुमच्यापेक्षा जास्त. त्या दहा वाक्यांसमोर लिहा की यातल्या कुठल्या गोष्टीमुळे गेल्या महिन्याभरात तुम्ही काहीतरी वेगळं वागलात. तिला गर्दीचा त्रास होतो हे माहीत आहे, मग शनिवारी संध्याकाळी तुळशीबागेत भेटायचं कोणी ठरवलं? त्याच्यावर कर्ज आहे हे माहीत आहे, मग वाढदिवसाला महागड्या हॉटेलचा हट्ट कुणाचा होता? समोर काहीच लिहिता येत नसेल तर तुम्हाला तो माणूस माहीत आहे आणि तुम्ही त्याच्या प्रेमात पण असाल, पण प्रेम करायला अजून सुरुवात व्हायचीय. वाईट वाटून घेऊ नका, ती आजपासून करता येते, तोच तर फायदा आहे.

आणि "मला"वाली वाक्यं वाईट असतात असं पण नाही. ती सगळ्यांकडे असतात आणि असावीत, ज्याच्यासोबत स्वतःला छान वाटत नाही अशा माणसाबरोबर राहायचं कशाला. फक्त नुसती तीच असतील तर घाई करू नका, एवढंच म्हणतेय.

त्याला बेंगळुरूला नोकरी लागली

कल्पना करा किंवा खरंच घडलं असेल तर आठवा. त्याला किंवा तिला एखादी अशी चांगली बातमी मिळाली ज्यात तुम्ही कुठेच नाही. दुसऱ्या शहरात नोकरी, परदेशी स्कॉलरशिप, जुन्या मैत्रिणींसोबत आठ दिवसांची ट्रिप. पहिला विचार "आता माझं काय" हा येणारच, त्यावरून स्वतःला मार्क देऊ नका. बघायचं ते त्यानंतर काय येतं ते. दिवसभरात कधीतरी तुम्ही विचारलंत का की राहायची सोय काय, डिपॉझिट किती मागतायत, तुला तिकडचं जेवण चालेल का? की रात्री अकरापर्यंत "म्हणजे तुला जायचंच आहे तर" हेच चालू होतं?

उलट दिशेने पण हे वापरा, म्हणजे समोरच्याचं तुमच्यावर प्रेम आहे की तो फक्त प्रेमात आहे हे बघायला. "तुझ्याशिवाय जगू शकत नाही", "तू दुसऱ्याशी बोललीस तर मला सहन होत नाही", हात कापून घेणं, बिल्डिंगखाली येऊन उभं राहणं, हे सगळं त्याच्या स्वतःच्या अवस्थेबद्दल आहे, यात तुम्ही कुठे आहात? लोक याला फार प्रेम करतो बिचारा असं म्हणतात, घरातल्या बायकासुद्धा म्हणतात, आणि मला त्याचा भयंकर राग येतो. नाही म्हटल्यावर जो माणूस थांबत नाही त्याच्यासाठी कुठलीही तपासणी करत बसायची गरज नाही, घरात कुणालातरी सांगा, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, पोलिसांसाठी ११२.

किती थांबायचं

वरचे आकडे धरले तर दीड वर्ष तरी मोठा निर्णय टाळा असं मी म्हणेन, आणि मला माहितीय की निम्मे लोक इथे हसतील कारण घरी स्थळं बघायला सुरुवात झालेली असते, मामाने मुहूर्त पण सुचवलेला असतो. ठीक आहे, कॅलेंडर सोडा. त्याऐवजी चार गोष्टी बघितल्याशिवाय फ्लॅटचं बुकिंग, नोकरीचा राजीनामा, जॉइंट लोन यातलं काही करू नका: एक खरं भांडण आणि त्यानंतरचे दोन दिवस, एक आजारपण (कुणाचंही), पैशाची एक ओढाताण, आणि एकमेकांच्या घरातला एक कार्यक्रम जिथे तो माणूस त्याच्या आईवडिलांसमोर तुमच्याशी कसा वागतो ते दिसतं. शेवटचं फार महत्त्वाचं. बाहेर "अगं तू म्हणशील तसं" म्हणणारा मुलगा घरी पंगतीत वाढायला उठत नाही आणि तुम्हाला पण ओळख दाखवत नाही, असं होतं.

घरून विरोध असेल तर एक गोष्ट जास्तीची. विरोध जातीवरून असेल तर तो चुकीचाच आहे, त्यात मला काही बोलायचं नाही. पण सतत लढायला लागलं की लढाईच नात्याची जागा घेते, रोजचा फोन म्हणजे आज बाबा काय म्हणाले, काकांनी काय ऐकवलं, आत्याला कोणी पटवायचं. आठवड्यातून एक दिवस असा ठेवा की घरच्यांचा विषय काढायचा नाही. त्या दिवशी गप्पा होतायत ना, ते बघा. लग्न झाल्यावर विरोध कधीतरी मावळतो आणि मग तुम्ही दोघंच उरता.

एकतर्फी असेल तर

इथे प्रेम आहे की प्रेमात आहे याची चर्चा करत बसू नका, उत्तर ठरलेलं आहे, कारण समोरच्याने तुम्हाला त्याच्या आयुष्यात येऊच दिलेलं नाही तर तुम्ही प्रेम करताय ते तुमच्या डोक्यातल्या माणसावर. बाहेर पडायचा रस्ता अनिश्चितता बंद करणं हाच. एकदा स्पष्ट विचारा, एकदाच, समोरासमोर किंवा फोनवर, मीम पाठवून नाही. हो-नाहीच्या मधलं काहीही उत्तर आलं, "मी सध्या कन्फ्यूज आहे", "आपण फ्रेंड्स आहोत ना", "बघू पुढे", तर ते नाही धरा. मग स्टेटस म्युट, स्टोरी म्युट, चॅट अर्काइव्ह, कॉमन मैत्रिणीला तिची खबर विचारणं बंद. ब्लॉक करायची गरज नसते, ब्लॉक-अनब्लॉकचा खेळ हा परत त्याच अवस्थेला खाद्य घालतो. शेवटचं एकदा भेटून सगळं क्लिअर करू, ही जी भेट असते ना ती करू नका, त्यातून कुणाचंच काही क्लिअर झालेलं मी पाहिलेलं नाही. झोप, जेवण, अभ्यास सगळंच बिघडलं असेल आणि आठवडे गेले तरी जागेवर येत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, प्रेमभंगासाठी फोन कसा करायचा म्हणून लाजू नका.

आता दुसरा प्रश्न: प्रेम आहे, पण प्रेमात नाही

लग्नाला पाच-सहा वर्षं झालेल्या मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये हे वाक्य कधी ना कधी येतंच. चांगला आहे गं तो, मुलांचं सगळं करतो, पण... आणि या "पण"नंतर सगळ्याजणी गप्प.

सगळ्यात आधी बघा की भावना संपलीय की तुम्ही दमलाय. सकाळी ७:१२ची लोकल, रात्री साडेआठला घरी, दोन वर्षांचं मूल, वन आरकेमध्ये सासूसासरे, रात्री दिवा बंद केल्यावर कुजबुजायचं म्हटलं तरी शेजारच्या गादीवर ऐकू जातं. यात कुणाला काय वाटणार? याला प्रेम संपणं म्हणू नका. याची तपासणी सोपी आहे पण करायला अवघड: दोन रात्री मूल आजीकडे ठेवून कुठेतरी जा, आणि पहिला दिवस नुसता झोपण्यात घालवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला त्याच्याशी बोलावंसं वाटतंय का, जवळ जावंसं वाटतंय का, ते बघा. पैसे नसतील किंवा घरून परवानगी नसेल तर निदान एक रविवार सकाळ पर्वती चढा, कुठलंतरी तळं गाठा, पण घराबाहेर.

काही उरलंय असं वाटलं तर वाढवता येतं, आणि त्यासाठी काही फार मोठं करावं लागत नाही. सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि सहा वर्षांनी बघितलं की कोण टिकलं. ते मोजत होते ते अगदी फालतू वाटणाऱ्या गोष्टी. म्हणजे समजा ती खिडकीतून म्हणाली, अहो बघा, भारद्वाज पक्षी आलाय. आता यावर उठून बघणं, निदान मान वर करून "कुठे" म्हणणं, हा एक प्रकार, आणि मोबाईलमध्ये बघत "हं" म्हणणं हा दुसरा. जी जोडपी टिकली ती अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा ओ देत होती, जी मोडली ती ३३ वेळा. माझं तर म्हणणं आहे की आठवडाभर फक्त एवढंच करा, बाकी गिफ्ट, सरप्राइज काही नको. समोरचा काहीही दाखवत असेल, क्रिकेटचा फालतू रील का असेना, मान वर करा. आठवड्याने परत बघा कसं वाटतंय.

दुसरं, दोघांनाही येत नाही असं काहीतरी करा. २०००मध्ये अ‍ॅरन यांच्याच टीमने जोडप्यांचे हातपाय पट्ट्याने एकमेकांना बांधून त्यांना गादीवरून रांगत अडथळा पार करायला लावला होता, ऐकायला येडेपणा वाटतो, पण असलं काहीतरी नवीन करणाऱ्या जोडप्यांना नंतर एकमेकांबद्दल जास्त बरं वाटलं, साधं कंटाळवाणं काम दिलेल्यांपेक्षा. त्याच त्या हॉटेलात तीच पनीरची भाजी मागवून हे होत नाही. पोहायला शिका दोघं, मोडी लिपीच्या वर्गाला जा, सायकलवर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन धापा टाका. एकाला येतंय आणि दुसरा शिकतोय असं नको, त्यात मास्तरकी होते आणि भांडणं होतात.

आणि धडधड कायमची जातेच असंही समजू नका. बियांका असेवेडो आणि वरच्याच अ‍ॅरन, फिशर मंडळींनी सरासरी २१ वर्षं लग्न झालेल्या १७ लोकांना तसंच एमआरआय मशीनमध्ये घातलं, जे स्वतःहून म्हणत होते की आम्ही अजून वेड्यासारखे प्रेमात आहोत. तोच डोपामिनवाला भाग त्यांच्यातही पेटला. मुद्दाम शोधून आणलेली माणसं होती ती, सगळी जोडपी तशी नसतात, पण असतात एवढं नक्की. टोमणे मारू नका अशा काकाकाकूंना.

आणि पोहे खाऊन ठरवायचं असेल तर

"प्रेम काय गं, लग्नानंतर होतं." हे अर्धं खरं आहे. १९८२ मध्ये जयपूरला उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी ५० जोडप्यांचा अभ्यास केला होता, त्यात लव्ह मॅरेजवाल्यांचं प्रेम सुरुवातीला जास्त होतं आणि वर्षं जातील तसं कमी झालं, अरेंज्डवाल्यांचं उलट वाढत गेलं. हा अभ्यास सगळे स्थळंवाले काका-मावश्या नाव माहीत नसताना पण सांगत असतात. पण २०१२ मध्ये अमेरिकेतल्या लग्न झालेल्या भारतीयांचा असाच अभ्यास झाला त्यात दोन्ही गटांत फरकच सापडला नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.

अर्ध्या पाऊण तासाच्या बघण्याच्या कार्यक्रमात प्रेमात पडणं होणार नाही, झालंच तर ते चेहऱ्याच्या. तिथे बघायचं ते हेच, समोरच्याचं लक्ष कुणावर आहे. तुम्ही दिलेल्या उत्तरावर तो पुढचा प्रश्न विचारतो, की यादीतला दुसरा? तुम्ही म्हणालात मी आधी नाशिकला होते, तर "मग सोडलंत का?" येतं की "स्वयंपाक येतो का?" येतं? दुसऱ्या तिसऱ्या भेटीत पहिल्या भेटीतलं काही त्याला आठवतंय का? एवढं असलं तर नंतर प्रेम होण्याची शक्यता आहे असं म्हणता येईल.

पण एक अट आहे आणि ती मुलींनी जास्त लक्षात ठेवा, कारण त्यांच्यावरच जास्त दबाव येतो. धडधड नसली तरी चालेल, पण किळस, भीती किंवा अंग चोरावंसं वाटणं असेल, शेजारी बसल्यावर सरकून बसावंसं वाटत असेल, तर ते "होईल नंतर"मध्ये येत नाही. तेव्हा नाही म्हणा. मुलगा कितीही सेटल असू दे.

समोरच्याला सांगायचं कसं

समजा सगळं तपासून झालं आणि कळलं की या माणसावर माझी माया आहे, तो मला घरच्यासारखा आहे, त्याचं वाईट झालं तर मला झोप लागणार नाही, पण जोडीदार म्हणून नाही, आणि पोहायला शिकून पण नाही. मग सांगायला लागेल. दयेपोटी लग्न करू नका, त्याला ते दोन वर्षांत कळतं आणि मग तो जास्त चिडतो, बरोबरच आहे त्याचं.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे पण मी प्रेमात नाहीये", हे वाक्य मात्र कृपा करून म्हणू नका. म्हणणाऱ्याला भारी वाटतं, ऐकणाऱ्याला फक्त "प्रेम आहे" एवढंच ऐकू येतं आणि तो पुढची तीन वर्षं थांबतो. साधं बोला. "तू मला खूप जवळचा आहेस, पण नवरा म्हणून मला तुझ्याबद्दल तसं वाटत नाही. मी बराच काळ वाट बघितली. हे बदलेल म्हणून तू थांबू नकोस." यात "सध्या" घालू नका, "कदाचित" घालू नका, "तुला माझ्यापेक्षा चांगली मिळेल" तर अजिबात नको. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, दुसऱ्या शहरात असेल तर व्हिडिओ कॉल. परीक्षेच्या किंवा घरात कुणी अ‍ॅडमिट असेल त्या आठवड्यात नको, पण यापुढे कारणं शोधत पण बसू नका, सणवार काही संपत नाहीत. तो रडला तर पाणी द्या, थोडं थांबा, पण मिठी मारून तासभर बसू नका.

नंतरचे काही महिने रोजचं गुड मॉर्निंग बंद, "जेवलास का" बंद. काळजी वाटते म्हणून विचारते असं वाटेल तुम्हाला, पण ते विचारणं आता तुमच्या मनाच्या समाधानासाठी आहे. त्याची काळजी घ्यायला त्याचे मित्र आहेत, त्यातल्या एकाला सांगून ठेवा की जरा लक्ष ठेव. साखरपुडा झालेला असेल तर स्वतःच्या आईवडिलांना तुम्ही स्वतः सांगा, त्याला सांगायला लावू नका, आणि हॉलचं अ‍ॅडव्हान्स बुडणार असेल तर तुमच्याकडून त्यातलं किती देणार ते त्याच आठवड्यात ठरवून टाका, कारण नंतर तो विषय दोन्हीकडचे काका काढतात.